कोकणातून हजला निघताना: सातबाऱ्यापासून जमजमपर्यंत

दर पावसाळ्यात आमच्या ओटीवर छत्र्या निथळत ठेवून माणसं बसतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. "सर, हजचा फॉर्म भरायचाय." मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून हे काम आपोआप माझ्याकडे आलं. फॉर्म उघडण्याआधी मी एकच विचारतो: "बहिणींचं काय केलंत?" अर्धे लोक हसतात. उरलेले खाली बघतात.

म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी घरची देणी

हज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी पाचवा, आणि तोही ऐपत असणाऱ्यावरच, आयुष्यात एकदाच फर्ज, म्हणजे बंधनकारक. ऐपत म्हणजे नुसतं तिकिटाला पुरतील एवढे पैसे नव्हेत. अंगात ताकद हवी, वाट सुरक्षित हवी, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची तजवीज हवी आणि डोक्यावर फेडायचं कर्ज नको. कर्ज काढून हजला जायला कोणी सांगितलेलं नाही. कुवेत-दोहाला असलेला मुलगा आईबापांना पाठवतो, ते मात्र चालतं. आपल्याकडे निम्मे लोक तसेच जातात.

कोकणातलं खरं अडलेलं देणं बँकेत नसतं, सातबाऱ्यावर असतं. आजोबांच्या नावावरची आंब्याची वाडी, त्यात बाप, काका, आत्या. आत्यांची नावं कधी चढलीच नाहीत, नाहीतर हक्कसोडपत्रावर सही करून 'प्रेमाने' उतरवली गेली. शरियतमध्ये मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेला हिस्सा आहे, भावाची मेहेरबानी नव्हे. माणसांचे हक्क, ज्याला हक्कुल इबाद म्हणतात, ते हजमध्ये अराफातच्या मैदानात केलेल्या दुआने माफ होत नाहीत; ज्याचा हक्क आहे त्यानेच माफ करावे लागतात. मोहल्ल्यात फिरून "बोललंचाललं माफ करा" म्हणायची पद्धत चांगलीच आहे. पण ज्या बहिणीच्या वाट्याचे हापूस तुम्ही पंचवीस वर्षं विकलेत, तिच्या दारात नुसतं हे वाक्य घेऊन जाऊ नका. तलाठ्याकडे जा, वारसनोंद करा, नाहीतर निदान बसून हिशोब करा आणि दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवा. याला महिने लागतात, म्हणून ही पहिली पायरी.

सोबत वसियत, म्हणजे मृत्युपत्र लिहा. कोणाकडून किती येणं, कोणाचं किती देणं, बोटीतला हिस्सा, बिशीचे हप्ते. पूर्वी मुंबईहून जेद्दाला बोटीने जाणारे लोक हे न चुकता करत, कारण परत येण्याची खात्री नसे. ती बोट १९९५ साली बंद झाली आणि वसियतही मागे पडली.

फॉर्म आणि नंबर

दोन वाटा आहेत: हज कमिटी ऑफ इंडिया किंवा खासगी टूर. भारताचा कोटा अलीकडे १,७५,०२५ आहे आणि त्यातला मोठा भाग कमिटीकडे असतो. कमिटीचा खर्च तीन लाखांच्या पुढे जातो, खासगीचा त्याहून बराच जास्त. सरकारी सबसिडी २०१८ साली संपली. तेव्हा 'सरकारच्या पैशाने हज' असं कोणी नाक्यावर म्हणालं तर शांतपणे साल सांगा आणि चहा प्या.

अर्ज हज कमिटीच्या वेबसाइटवर किंवा 'हज सुविधा' ॲपवर भरतात. अलीकडे तो हजच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच उघडतो, म्हणून पासपोर्ट उन्हाळ्यातच काढून ठेवा. हजनंतर निदान सहा महिने त्याची मुदत हवी. आपल्याकडे सगळ्यात जास्त अडकतं ते नावात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर आडनाव आधी, बाईच्या कागदांवर निम्मं माहेरचं आणि निम्मं सासरचं. शिवाय एकाच वाडीत एकाच नावाचे तीन खोत, चार नाईक. अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच भरा.

एकत्र जाणाऱ्यांचा एक 'कव्हर' होतो आणि त्याला मिळालेला कव्हर नंबर हीच तुमची ओळख. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज जास्त आले तर कुर्रा, म्हणजे सोडत. आपल्या भाषेत 'नंबर लागला'. पासष्टच्या वरच्यांना सोबत्यासह, आणि मेहरमशिवाय (नवरा किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय) जाणाऱ्या बायकांना प्राधान्य असतं. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना चार-चारच्या गटाने मेहरमशिवाय जायची मुभा २०१८ च्या हजपासून मिळाली. आमच्या भागातल्या विधवा बायकांसाठी हा मोठाच बदल होता. नाहीतर भाचा किंवा जावई रिकामा होईपर्यंत थांबण्यात वर्षं जात.

नंबर लागल्यावर हप्ते ठरलेल्या तारखेला भरा. तारीख चुकली की जागा पुढच्याला जाते. मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो. २०२६ साठी कमिटीने वीसेक दिवसांचाही पर्याय ठेवला, तो नोकरीवाल्यांना बरा.

खासगी टूर घेणार असाल तर नोंदणीचं प्रमाणपत्र स्वतः बघा आणि पैसे बँकेतूनच द्या. २०२५ साली देशभरातल्या खासगी टूरच्या हजारो जागा ऐनवेळी गेल्या आणि बॅगा भरून बसलेली माणसं घरी राहिली. 'व्हिजिट व्हिसावर नेतो, तिकडे सगळं जमतं' असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२४ च्या हजमध्ये उष्णतेने तेराशेच्या वर माणसं गेली, त्यांतली बहुतेक परवान्याशिवाय आलेली होती. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, सावली नाही. पकडले गेलात तर दंड वीस हजार रियालपर्यंत.

तारीख सरकते, हे लक्षात ठेवा

हज इस्लामी पंचांगातल्या जिल्हज महिन्याच्या ८ ते १२-१३ तारखांना, आणि चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. २०१९ ला हज ऑगस्टात, म्हणजे लावणी उरकून भात वर यायच्या दिवसांत होता. २०२५ ला अराफातचा दिवस ५ जून, २०२६ ला मेची अखेर. पुढची काही वर्षं तो मे-एप्रिलमध्ये, ऐन आंब्यात येणार. बागवाल्यांनी बाग आधीच कराराने द्यावी किंवा भावावर सोपवावी. मक्केजवळ मिनाच्या तंबूत बसून वाशीचा भाव विचारणारी माणसं मी पाहिली आहेत.

पाय, पाणी, औषध

हजचे लोक मसाइल, म्हणजे नियम पाठ करतात आणि पायांना विसरतात. पाच दिवसांत रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणं होतं, तेही उन्हात आणि गर्दीत. निदान तीन महिने आधी चालायला लागा. समुद्रावर चालायचं तर ओहोटीच्या कडक वाळूवर, आणि आठवड्यातून दोन दिवस गावच्या चढावर. ज्या चपला तिकडे घालणार त्याच घाला, नव्या कोऱ्या नेऊ नका. मशिदीच्या दारात चपला ठेवल्या की गेल्याच समजा. पाठीवर दोरीची पिशवी असू द्या.

कोकणातला उन्हाळा आणि मक्केचा उन्हाळा वेगळे. इथे घाम अंगावर राहतो, म्हणून आपण पाणी पितो. तिथली हवा कोरडी, घाम येतो तसा उडून जातो. अंग कोरडं वाटतं आणि पाणी कमी झाल्याचं कळतच नाही. तहानेची वाट न बघता घोट-घोट पीत राहा, ओआरएसची पाकिटं खिशात ठेवा. लघवी पिवळी झाली की समजा उशीर झालाय. छत्री कशी वापरायची हे कोकणी माणसाला शिकवायला नको, फक्त पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्या. एहराममध्ये, म्हणजे हजच्या नियमांत आणि न शिवलेल्या कपड्यांत असताना, पुरुषाने डोकं झाकायचं नसतं, पण डोक्याला न टेकणारी छत्री चालते.

मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, पोलिओचे थेंब देतात, फ्लूची लसही घ्या. ती कधी आणि कुठे देणार ते जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, पाकिटातून न काढता, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्यांतल्या आठवड्याभराच्या हातातल्या पिशवीत. बिनवासाचं व्हॅसलिन न्या. मांड्या घासून सोलतात त्याला दुसरा इलाज नाही.

शाफई असाल तर हे आधी विचारून ठेवा

कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे धार्मिक नियमांत शाफई परंपरा पाळणारे. बाजारातली उर्दू-हिंदी हजची पुस्तकं आणि प्रशिक्षण शिबिरं मात्र बहुधा हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेच्या पद्धतीची. दोन्ही बरोबरच, पण घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा. शाफई मतात परक्या स्त्री-पुरुषाच्या त्वचेचा थेट स्पर्श झाला की वजू जातो, आणि तवाफला, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांना, वजू हवाच. आता तवाफच्या गर्दीत कोणाचा कोपर कोणाला लागणार नाही? बरेच उलेमा इथे हनफी मत घ्यायची सवलत देतात, पण मग वजूसुद्धा हनफी नियमाने पुरा करायचा. उदाहरणार्थ डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) चार केसांवर न भागवता निदान पाव डोक्यावर. निघण्यापूर्वी तुमच्या जमातीच्या मौलानांसमोर बसून हे विचारा. तिथे तिसऱ्या फेरीत विचारायला कोणी सापडत नाही.

दहा तारखेच्या खडे, कुर्बानी, मुंडण, तवाफ या क्रमाचंही तसंच. हनफींना पहिल्या तिघांचा क्रम वाजिब (पाळायलाच हवा असा), आपल्याला सुन्नत (पाळलेला बरा असा). कुर्बानीचा निरोप यायच्या आधी मुंडण केलेल्या शाफई माणसाला शेजारच्या तंबूतले लोक घाबरवतील. घाबरू नका. आणि मक्केच्या हरम मशिदीत पहाटेच्या फज्र नमाजात कुनूतची दुआ पढत नाहीत, तेव्हा तिथे हात उचलून एकटे उभे राहाल.

गाव ते मुंबई

विमान मुंबईहून. उड्डाणाच्या एक-दोन दिवस आधी कागदपत्रं, गळ्यातलं ओळखपत्र, हातातलं कडं हे सगळं घ्यायचं असतं. आता हज मेमध्ये आला, म्हणजे कोकण रेल्वे सुट्टीच्या चाकरमान्यांनी भरलेली, आणि तुमची उड्डाणाची तारीख कळते उशिरा. रेल्वेच्या भरवशावर राहू नका. गाडी ठरवा आणि महामार्गावर चार तास जास्तीचे धरा. माहीम-डोंगरीला नातेवाईक असतातच, दोन दिवस आधी जाऊन पडा.

निरोप देणाऱ्यांबद्दल एक बोलतो, राग आला तरी चालेल. तीन गाड्या भरून माणसं विमानतळावर नेऊ नका. नाक्यावर 'हजयात्रेस हार्दिक शुभेच्छा' असा स्वतःचाच फोटो लावलेला फ्लेक्स आणि गावजेवण हे तर नकोच. एकेका गावात दोन-तीनच हाजी असत तेव्हा 'हाजी' शब्दाला वजन होतं. वाडीतलं भांडण त्यांच्या ओटीवर मिटे, कारण हा माणूस आता खोटं बोलणार नाही असं हिंदू-मुसलमान दोघंही धरून चालत. आता घरटी हाजी आहेत, ओट्या मात्र रिकाम्या. तिसऱ्यांदा नफील, म्हणजे ऐच्छिक हजला निघणाऱ्याने शेजारच्या घराचे कौल फुटलेत का, ते एकदा बघावं.

दाभोळच्या खाडीकाठी सतराव्या शतकातली आदिलशाही मशीद आहे. तिची गोष्ट तिथले लोक सांगतात. विजापूरची शाहजादी हजला जाण्यासाठी दाभोळ बंदरात आली, चाच्यांच्या भीतीने जहाज सुटेना. मग तिने बरोबर आणलेला पैसा काझी-मौलवींच्या सल्ल्याने या मशिदीत घातला. जाता आलं नाही तर पैसा कुठे घालावा, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर जुनाच आहे.

एहराम आणि उमरा

भारतातले बहुतेक लोक तमत्तू करतात: आधी उमरा (छोटी यात्रा), मग एहराम सोडायचा, आणि आठ तारखेला हजसाठी पुन्हा बांधायचा. विमान थेट जेद्दाला असेल तर एहराम मुंबईतच नेसा, कारण मीकात (एहरामशिवाय जिच्यापुढे जायचं नसतं ती हद्द) हवेतच ओलांडला जातो. आधी मदिना असेल तर साध्या कपड्यांत जा. मदिनेहून मक्केला येताना जुलहुलैफाच्या मीकातवर एहराम. पुरुषांना दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी आणि कमरेला खिशाचा पट्टा. बायकांना त्यांचे नेहमीचे अंग झाकणारे कपडे, चेहऱ्याला नकाब आणि हाताला मोजे नकोत. नियत केली, 'लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक' म्हटलं की अत्तर, वासाचा साबण, नखं-केस काढणं, नवराबायकोचा संबंध, शिकार, भांडण सगळं बंद. विमानात हात पुसायला सुवासिक कागद देतात, तो घेऊ नका.

मक्केत खोली बहुधा अजीजियाला असते, तिथून हरमपर्यंत बस. पोचल्यावर आधी झोपा. थेट तवाफला पळणारे दुसऱ्या दिवशी तापाने पडतात. मग हजरे अस्वद या काळ्या दगडाच्या रेषेपासून, काबा डाव्या हाताला ठेवून सात फेऱ्या. दगडाचं चुंबन घ्यायला घुसू नका, लांबून हात करा. सुन्नतसाठी दुसऱ्याच्या बरगड्या मोडायच्या नसतात. फेऱ्या मोजायला सात मण्यांची दोरी घ्या. वरच्या मजल्यावर एक फेरी जवळपास किलोमीटरभर भरते, म्हाताऱ्यांना तिथे नेताना विचार करा. मग मकामे इब्राहिमच्या बाजूला जागा मिळेल तिथे दोन रकात नमाज, जमजमचं पाणी, आणि सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या, म्हणजे सई: सफा ते मरवा एक, मरवा ते सफा दोन, असं सात. एकूण तीन किलोमीटरच्या आसपास. व्हीलचेअरची वेगळी वाट आहे. शेवटी केस कापायचे. उमरा झाला.

मासिक पाळी आली तर बाईने तवाफ सोडून हजचं सगळं करता येतं. तवाफे जियारत, म्हणजे हजच्या मुख्य तवाफसाठी मात्र पाक होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून परतीची तारीख बघून डॉक्टरांशी आधीच बोला. निरोपाचा तवाफ तिला माफ असतो.

ते पाच दिवस

सात तारखेच्या रात्रीच बसेस मिनाला न्यायला लागतात. सोबत छोटी पिशवीच घ्या: एक जास्तीचा एहराम, चटई, औषधं, सुका खाऊ, चार्जर. मी हजला गेलो तेव्हा सोबत अम्मी होती; तिने तांदळाच्या पिठाचे लाडू आणले होते, तेवढेच कामाला आले.

मिनात एकच अवघड: तंबू. १९९७ च्या आगीनंतर न पेटणारे पांढरे तंबू बसवले, आणि ते मैलोन्‌मैल अगदी सारखे. पहिल्याच दुपारी मी पाणी आणायला बाहेर पडलो तो दीड तासाने परत आलो. दोष माझाच, वाटेत खूण म्हणून लक्षात ठेवली ती एक उभी बस. बस गेली. परत आलो तेव्हा अम्मी म्हणाली, "गावात बैल हरवतो, माणूस नाय." तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: बाहेर पडण्यापूर्वी मक्तबचा (आपल्या तंबूगटाच्या कार्यालयाचा) नंबर, रस्त्याचा नंबर आणि जवळच्या खांबाच्या नंबराचा फोटो काढा, आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे तोच नंबर लिहा.

नऊ तारीख अराफातची. हजचा गाभा हाच; हा चुकला तर हज नाही. मक्केपासून वीसेक किलोमीटरवर, दुपार ढळल्यापासून सूर्य बुडेपर्यंत थांबायचं. हद्दीच्या पाट्या बघा: नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या हद्दीबाहेर पडतो, तिथेच बसून राहिलात तर वुकूफ (अराफातचं थांबणं) होत नाही. जबले रहमत टेकडीवर चढायची गरज नाही. तंबूत बसा, पाणी प्या, दुआ करा. दुआंसाठी लोकांनी दिलेली नावं वहीत लिहून न्या. माझ्या वहीत शेजारच्या गुरवकाकांच्या नातवाची बारावीही होती.

सूर्य बुडाल्यावर मुज्दलिफाच्या मैदानात. मगरिब आणि इशाची नमाज तिथे एकत्र पढायची. आकाशाखाली चटई टाकून रात्र काढायची. इथेच खडे वेचतात, चण्याएवढे: दहाला सात, अकरा आणि बाराला एकवीस-एकवीस, म्हणजे एकोणपन्नास, तेराला थांबलात तर सत्तर. अम्मी मोबाइलच्या उजेडात मांडी घालून बसली आणि काजूच्या बिया मोजतात तसे पाच-पाचचे ढीग लावले. एक ढीग कमी आला म्हणून सगळे पुन्हा मोजले. मग ओढणीच्या टोकात गाठ मारून तिथेच आडवी झाली. खडे धुवायची गरज नसते, मोठे तर घेऊच नका.

दहाला मिनात परत येऊन फक्त मोठ्या जमऱ्याला (सैतानाचं प्रतीक) सात खडे. मग कुर्बानी, कुपन अधिकृतच घ्या, रस्त्यावर पैसे मागणाऱ्याला देऊ नका. मग मुंडण, म्हणजे एहरामचे कपडे सुटले. मग मक्केला जाऊन तवाफे जियारत आणि सई; हे होईपर्यंत नवराबायकोचा संबंध बंदच. अकरा आणि बाराला दुपार ढळल्यावर तिन्ही जमऱ्यांना, छोटा, मधला, मोठा या क्रमाने. आता जमऱ्यांचा पूल अनेक मजल्यांचा आहे आणि खांबांच्या जागी लांब भिंती, तरी दुपारच्या पहिल्या तासाची गर्दी टाळा. तुमच्या गटाला दिलेली वेळ पाळा. उलट दिशेने कधीही चालू नका. चप्पल पडली तर पडू द्या, वाकू नका. बाराला निघायचं तर शाफई माणसाने सूर्य बुडण्याआधी मिना सोडावं, नाहीतर तेराचे खडेही आले. मक्का सोडताना तवाफे विदा, म्हणजे निरोपाचा तवाफ.

मदिना

मदिना हजचा भाग नाही, पण तिथे न जाता परतणारा कोणी मी पाहिला नाही. भारतीय लोक चाळीस नमाजांसाठी आठेक दिवस राहतात. पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्ना या जागेसाठी 'नुसुक' ॲपवर वेळ घ्यावी लागते, ती पोरांकडून आधीच करून घ्या. खजूर मक्केऐवजी इथे घ्या, आणि वजनाचा नियम बघून घ्या.

परत आल्यावर

जमजम सामानात भरू नका, काढून टाकतात. कमिटीकडून पाच लिटरचा कॅन मिळतो तेवढाच. घरी आल्यावर दोन दिवस दार लावून झोपा. खोकला घेऊन आलेला असता, भेटायला येणाऱ्यांना तो वाटू नका.

आमच्या वाडीत एकशे दहा घरं आणि पाणी पाच लिटर. मी लहान बाटल्या आणायला चिपळूणला निघालो होतो. अम्मीने थांबवलं, विहिरीचं पाणी हंडाभर काढलं, त्यात अर्धा कॅन ओतला आणि पोरांना म्हणाली, "जा, घराघरात तांबे मागा."